नवा अग्नी, जेल रोड

होळीसारखी रचलेली लाकडं, पण होळी नव्हे.
चर्चच्या पायऱ्यांपुढे आम्ही दोन-अडीचशे माणसं
न पेटलेल्या मेणबत्त्या धरून उभी,
आणि फादर एव्हारिस्टच्या तीन काड्या
एकामागून एक वाऱ्याने गिळलेल्या.
शेवटी वॉचमन निवृत्ती पगारे पुढे झाला.
खिशातून विडीचा लायटर काढला,
आधी कपाळाला लावला, का कोण जाणे,
मग वाकून खटका दाबला.
नव्या अग्नीवर आशीर्वादाचा हात फिरला.
लायटर पुन्हा खिशात गेला.

मागच्या गल्लीत मारुतीचा भंडारा उरकलेला,
पातेली घासल्याचा आवाज येत होता.
पहाटे तिकडे जन्म झाला,
आता इकडे उठणं.
चंद्र तोच, वरच्या वर दोन्हीकडे पुरलेला.

ख्रिस्तज्योती, फादर गायले.
देवाला धन्यवाद, आम्ही म्हणालो,
दुसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत,
तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला.

मी वर्षातून तीनदा येते.
नाताळ, झावळ्यांचा रविवार, आणि ही रात्र.
पापनिवेदनाला चार वर्षं गेले नाही.
पापं नव्हती असं नाही,
पण जाळीपलीकडे बसलेला मुलगा माझ्या धाकट्याच्या वयाचा,
त्याला काय काय सांगायचं?

नोटांच्या छापखान्यात मी तपासणीला आहे.
एकोणतीस वर्षं ताव बोटांखालून जातायत.
शाई जिथे उठली नाही
तिथे डोळ्यांच्या आधी तर्जनी थांबते.
म्हणून थोमाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.
तो आमच्या खात्यातला माणूस.
दाखवा, म्हणाला, एवढंच.
आणि कुणी त्याला हाकलला नाही.
ये, म्हटलं, आण तुझं बोट.
पुढे त्याने खरंच बोट घातलं का,
की नुसतं जवळ नेलं,
शुभवर्तमान तिथे गप्प आहे.
मी दर वर्षी त्या ओळीपाशी अडते
आणि कुणी पान उलटायच्या आत
आतल्या आत माझा हात पुढे करून बघते.

खांबाजवळची जागा मार्सेला मावशी
माझ्यासाठी रुमाल टाकून धरायच्या.
नात्याने कुणीच नव्हत्या. मूळच्या संगमनेरच्या.
विश्वास आहे का गं, असं कधी विचारलं नाही.
आलीस? सरकते, बस.
एवढाच आमचा धर्मसंवाद, सोळा वर्षांचा.
नाताळच्या आधी गेल्या.
यंदा तिथे एक नवं जोडपं,
बाईच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं.
मी भिंतीला टेकून उभी राहिले,
सृष्टी झाली, तांबडा समुद्र दुभंगला,
इझ्राएल कोरडी पार झाली, माझे गुडघे भरून आले.

गौरवगीताला गुरुवारपासून मुक्या घंटा सुटल्या,
आणि अंधारात कुणीतरी चुकीचं बटण दाबलं.
दिव्यांच्या आधी पंखे सुरू झाले.
अर्ध्या चर्चच्या मेणबत्त्या फुर्रकन विझल्या.
बाळ दचकून रडलं, सिस्टर हसल्या,
मग सगळं चर्च हसायला लागलं,
आणि दगड सरकल्याची बातमी
त्या हसण्यातच कुठेतरी येऊन गेली.
खांबाजवळच्या बाईने आपली वात माझ्यापुढे केली.
घ्या, तुमची गेलीय.
आणि बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत
म्हणाली, सरकते ना मी, बसा.

बसले.
मेण तर्जनीवर ओघळलं ते कळलंच नाही.

दीड वाजता बिटको चौकात चहा घेतला.
टपरीवाल्याने विचारलं, आज काय, लग्न होतं का?
मी म्हटलं, तसंच काहीतरी.
बोटावरचं मेण गार झालं होतं.
अलगद सोललं, टोपणासारखं निघालं,
आतल्या बाजूला माझ्याच बोटाच्या रेषा, उलट्या.
दिव्याखाली धरून सवयीने तपासलं.
दोष सापडला नाही. सापडलाही असता,
तरी टाकवलं नसतं.
पासच्या मागे पाकिटात ठेवलं.

सोमवारी गेटवर झडती होईल.
हे काय, विचारतील.