हे बटण कशाचंच नाही

किल्ली देताना एजंट म्हणाला, घर रिकामं आहे.
कीथलीतलं, चढावरचं, दोन घरांच्या मधे
अंग चोरून बसलेलं काळवंडल्या दगडाचं घर.
गावाचं नाव लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच,
हे कळेपर्यंत आम्ही तीनदा हसं करून घेतलं होतं.

पहिली चिठ्ठी जिन्याखाली मिळाली.
मीटरशेजारी एक पांढरं बटण, त्याच्यावर,
सेलोटेपनं नाही, जखमेला लावतात त्या पट्टीनं चिकटवलेली :
हे बटण कशाचंच नाही. चालूच ठेव.

इंग्रजीत ठेव आणि ठेवा एकच.
मी वाचलं ते ठेव असंच.

दुसरी ओट्याखाली, पाण्याच्या नळीला बांधलेली :
डावीकडे फिरव. नाही, दुसऱ्या डावीकडे.
तिसरी न्हाणीघरातल्या कपाटात :
या गोळ्या तुझ्या नाहीत.

मग आम्हाला नादच लागला.
दूध गॅसवर ठेवून विसरलो.
हेरंब टॉर्च घेऊन माळ्यावर, मी गुडघ्यांवर रांगत,
आणि मधूनच एकमेकांना हाका, सापडली, सापडली,
दिवाळीतल्या पोरांसारख्या.
पुढच्या दारावर, आतून : चावी? चष्मा? पँट?
पँट! आम्ही पोट धरून हसलो.
त्याच हसण्यात मी निजायच्या खोलीतलं कपाट उघडलं.
आत आरसा. आरशाच्या वर
आमच्या नाही, कुणा उंच माणसाच्या नजरेला येईल अशी :

डेरेक, हा म्हातारा तूच आहेस.
घाबरू नकोस.

खाली दूध ऊतू गेलं, न घालताच,
आणि छतावरचा धुराचा भोंगा ठणाणा बोंबलला.
कुणीच उठलं नाही थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी मी कोमट पाणी आणि सुरी घेतली.
राहायचं आहे इथे, म्हटलं.
सतरा निघाल्या. बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या,
टाकवेनात.
आणि ते बटण बंद केलं.
कशाचंच नाही तर चालू कशाला,
वीज काय फुकट येते?

तिसऱ्या रात्री दार वाजलं.
हेरंब रात्रपाळीला.
शेजारचे जमानचाचा, कोटाच्या आत
काहीतरी मुठीत धरून. बेटी, बत्ती बुझा दी क्या?

मागच्या गल्लीत त्यांची कबुतरं.
खुराड्यात एक दिवा, फेब्रुवारीतल्या पिलांना ऊब म्हणून.
त्याची वायर भिंतीतून, कौलांखालून
आमच्या जिन्यापर्यंत.
जीननं दिलेली, सत्त्याण्णव साली.
डेरेकला कबुतरांचा तिटकारा
आणि विजेचं बिल तोच बघायचा, चष्मा पुसून, दोनदा.
म्हणून ती चिठ्ठी.
सगळ्यांत जुनी, आणि सतरांत एवढीच खोटी.
बाकीच्या सोळा, म्हणे,
खरं आठवावं म्हणून नंतर लिहाव्या लागल्या.

शेवटी शेवटी रोज दुपारी डेरेक
खुराड्यापाशी खुर्ची टाकून बसायचा.
विचारायचा, हा दिवा कुणाचा?
जीन म्हणायची, असेल कुणाचा तरी. बस तू.

चाचांनी मूठ उघडली.
पीस नाही, डोळे नाहीत, नुसती चोच आणि धडधड,
इतकं कुरूप काही मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.
मी वाकले, बटण दाबलं.
घरात काहीच झालं नाही.

ते गेल्यावर डबा काढला.
पट्टी प्रथमोपचाराच्या पेटीत होतीच.
चिठ्ठी जागच्या जागी लावली,
खाली मराठीतही लिहिलं, ठेव असंच.

परवा हेरंब बिल हातात घेऊन विचारत होता,
एवढं कसं गं आलं?
म्हटलं, यंदा थंडी फार आहे.