हिरवा गळा

जहाज कुठल्यातरी लांबच्या झेंड्याचं होतं,
मरायला दारूखान्यात आलं.
वरच्या केबिनीत, बंकामागच्या फटीत
सुभानला पेनड्राइव्ह सापडला.
मुकादमाला त्यानं गंजका नळ दाखवला
आणि हा चड्डीत लपवला.

रात्री रे रोडच्या पुलाखाली
बॅटरीच्या स्पीकरला लावला
तर ठोका असा, की दोरीवरचे बोंबील थरथरले.
भाषा कुणाच्या बापाला येत नव्हती.
नवनाथनं फोनला विचारलं. म्हणाला, डोमिनिकन आहे, डेंबो.
आम्ही म्हणालो, डेंबो तर डेंबो,
आवाज वाढव.

शब्द कळले नाहीत, माज कळला.
नाक्यावर पाय रोवून जो विचारतो
‘मी इथला, तू कोण रे?’
त्याची जीभ कुठल्याही बंदरात
तशीच वळते.

मग यल्लप्पानं आपलं रचलं,
कटिंगच्या ग्लासावर चमचा वाजवत:
‘नाश्त्याला जहाज खातो, ढेकर देतो भंगाराचा
हवालदार सलाम ठोकतो, मीच मालक बंदराचा
दहा तोळे गळ्यात माझ्या, हात लावून बघ की रं
दर्याला जाऊन विचार, मी कुणाचा नोकर रं?’

सगळंच खोटं नाही.
जहाज आम्ही खातोच,
आज एक जिना, उद्या एक संडास,
परवा कप्तानाचा पलंग.

हवालदार आला तेव्हा
चहा पिऊन स्पीकर घेऊन गेला.
यल्लप्पा हात मागे बांधून उभा,
‘हो साहेब’ म्हणाला. तीनदा.
ते कडवं गाण्यात नाही.

आणि सोनं म्हणजे पितळ.
जहाजाच्या गोल खिडकीच्या कड्या
त्यानंच ग्राइंडरवर घासून ओवलेल्या.
घाम आला की गळ्याभोवती
हिरवा वळ उठतो.
रविवारी नागम्मा त्याला मोरीत बसवते,
देवाच्या तांब्याला लावावी तशी चिंच लावून
मान घासते, खसाखसा.
‘हळू गं आये!’
बंदराचा मालक बोंबलतो.

मी बाहेर पिंपावर बसून
बोटांनी तोच ठोका धरतो.
त्या पेनड्राइव्हमधल्या पोराची चेन
खरी असेल का?
आणि नसेल तर
तिकडे मिळते का चिंच?