पवनीले गेली

माझ्या डाव्या दंडावर दोन गोल आहेत,
पावलीएवढे, कडांना सुरकुतलेले.
देवी काढल्या तेव्हाचे.
नातीला ती बटणं वाटतात;
दाबून बघते, काही सुरू होतं का.

गोळीबार चौकामागे आमची गल्ली.
घरोघर माग. सकाळपासून खटखट,
इतकी की थांबली तर समजायचं
कुणाकडे तरी काहीतरी झालं.

गणवीर बाई सायकलवर यायच्या,
हँडलला पत्र्याचा डबा,
डब्यात फडक्यात गुंडाळलेली काचेची पिचकारी.
आमच्याच चुलीवर सुया उकळायच्या.
त्यासाठी आईनं एक पातेलं वेगळं काढलेलं.
"त्रिगुणी आहे," बाई म्हणायच्या,
"एका टोचणीत तीन दुखणी:
घटसर्प, डांग्या, धनुर्वात."
मी ओळीत पहिली. रडले नाही.
मला लिमलेटची गोळी.

कौसू मागाच्या खड्ड्यात उतरली.
बाबांच्या पायांशी, पावड्यांच्या फटीत,
फ्रॉक तोंडात कोंबून हसत.
आई दारात:
"पोट्टी घरी नाही ना बाई,
पवनीले गेली, मामाच्या घरी."
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं,
मागाकडे एकदा पाहिलं.
बाबा धोटा फेकत राहिले, जरा जोरातच,
तिचं हसू ऐकू येऊ नये म्हणून.

दिवाळीपर्यंत आम्ही ती गंमत
सांगून सांगून हसलो.

मग थंडी. मान सुजून बैलासारखी,
घशात राखाडी साय.
नागाच्या नावाचं गाव,
नागाच्या नावाची नदी,
आणि साप निघाला
चार वर्षांच्या पोरीच्या गळ्यात.
मेयोला नेलं सायकलरिक्षात.
येताना रिक्षा केली नाही.

पुढच्या खेपेला बाईंनी वहीतून नाव वाचलं,
कौसल्या रामाजी धकाते.
आई म्हणाली, पवनीले गेली.
बाईंनी तसंच लिहिलं.
पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यानंतर बाबा पावडीवर पाय ठेवण्याआधी
खाली वाकून बघायचे.
शोधल्यासारखं नाही. नुसतं बघायचे.

सगळं संपलं असं वाटलं होतं मधली चाळीस वर्षं.
माग गेले, खड्डे बुजवून वर टाइल्स आल्या.
घटसर्प म्हटलं की सुनेला
साप चावला असं वाटतं.

परवा मेयोतच होते.
शेजारच्या निनाव्यांचा कुणाल, इयत्ता चौथी.
शिकाऊ डॉक्टर त्याच्या तोंडात बॅटरी मारून
एकमेकांना हाका मारत होते, ये, बघ लवकर.
"मी हे फक्त पुस्तकात पाहिलं होतं,"
एक मुलगी म्हणाली, खरं तर घाबरून.
मी दारातूनच ओळखलं.
तो वास. ओल्या गोधडीत गूळ ठेवावा तसा.

त्याची आई बाकावर बोलत सुटली:
डोस राहिला, लॉकडाऊन होतं ना काकू,
मग याला ताप येतो म्हणून,
मग यांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की...
आणि माझ्याकडे बघून थांबली.
मला बोलायचं होतं बरंच.
तोंडात फ्रॉक कोंबल्यासारखं झालं.
आईचं दार आठवलं, आईचा आवाज;
खोटं बोलतानाही किती माया होती त्यात.
मी पाण्याची बाटली उघडून दिली फक्त.

औषध तिसऱ्या दिवशी आलं, दुसऱ्या कुठल्या गावाहून.
कुणाल आता घरी आहे.
जिना चढताना मध्येच थांबतो,
रेलिंगला धरून
उगाच खाली कुत्र्याकडे बघतो.

आज बुधवार. आशाताई यादी घेऊन आल्यात,
चपला काढता काढता नाव वाचतात.
दिवाणाखाली खुसखुस.
सून माझ्याकडे बघते, ओठ दाबून,
आता गंमत होणार म्हणून.

गुडघे कुरकुरतात. तरी वाकते.
अंधारात दोन डोळे, तोंडात ओढणीचं टोक.

"हाव, घरीच आहे," मी म्हणते.