पालकाची सही

चार पानांचा फॉर्म, शेवटच्या पानावर ठिपक्यांची ओळ.
कातेल्लोनं तो जेवणाच्या टेबलावर ठेवला,
वर मिठाची बरणी, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
शूटिंग आपल्याच गल्लीत आहे, मा.
मला मेलेला मुलगा व्हायचंय.
संवाद नाही. चार तास फुटपाथवर पडून राहायचं.
ऐंशी युरो, आणि दुपारी एक सँडविच.

मी चष्मा शोधला.
तिसऱ्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं :
ही मालिका अठरा वर्षांखालच्यांनी पाहू नये.
कातेल्लो पंधराचा.
म्हणजे मरायला चालेल,
बघायला नाही.
कंपनीत फोन लावला. बाई गोड बोलली.
म्हणाली, सिन्योरा, ते दोन वेगळे विभाग आहेत.

तशी ही मालिका माझ्या ओळखीची.
तिचे कपडे आमच्याच लाँड्रीत येतात,
दर सोमवारी, काळ्या पिशव्यांतून.
त्यांचं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग.
पिशव्यांना मुंग्या लागतात.
गरम पाण्यात टाकलं की सुटतं.
खरं रक्त गरम पाण्यात टाकू नये, कायमचं बसतं.
थंड पाणी, मीठ, आणि घाई करायची नाही.
हे मला लाँड्रीत कुणी शिकवलेलं नाही.

भाऊ होता माझा, सबातो.
सबातो म्हणजे शनिवार.
गेला मात्र मंगळवारी, गोदीच्या भिंतीपाशी,
दुसऱ्याच कुणासाठी निघालेल्या गोळीनं.
चादर यायला फार उशीर झाला.
कास्तेल्लामारेच्या त्या गल्लीतल्या सगळ्या पोरांनी पाहिलं,
बाल्कनीतून, पाठीवरच्या दप्तरासकट.
वयाचा दाखला कुणी मागितला नाही.
मी चौदाची होते.

मग मी काय ठरवणार?
शाळेतले योविने सर म्हणतात,
हे बघून पोरं गुंडांसारखी चालायला लागलीत.
खरंय. अनियेल्लो न्हाव्यानं तर आरशाशेजारी फोटोच लावलाय,
तस्सेच केस कापून मागतात.
चर्चमधले पाद्री म्हणतात, बघू दे,
निदान शेवट काय होतो ते तरी कळेल.
जाऊबाई म्हणते, सगळी फोनवर बघतातच,
तू कुणाकुणाच्या डोळ्यांवर हात ठेवणार?
मला तिघांचंही पटतं. तीच तर पंचाईत.

सही केली.
ऐंशी युरोंसाठी नाही.
खोटं कशाला बोलू, थोडी त्यासाठीही.

अंधार पडल्यावर तो आला,
शर्टाला दोन भोकं, कानामागे पाक चिकटलेला.
दिग्दर्शक म्हणाले, छान मेलास.
मी हसले.
मग नळ सोडला, आणि बराच वेळ
तो बंद करायचा असतो हेच सुचलं नाही.

फेब्रुवारीत तो भाग लागला, रात्री सव्वानऊला.
रिमोट माझ्या हातात, अंगठा बटणावर.
बघायचं का, त्यानं विचारलं.
परवानगी मागतात तसं नाही,
बाहेर थंडी आहे का, असं विचारावं तसं.
मी म्हटलं, आवाज बंद करून.

तो सोफ्याच्या कडेवर सरकला.
आता माझी चूक दिसेल, मा, बघ.
श्वास धरून ठेवला होता,
कॅमेरा दुसऱ्यांदा आला आणि दम सुटला.
कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फुटपाथ. गर्दीचे पाय.
अनियेल्लोचं अर्धं ओढलेलं शटर.
निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला.
मी उठले, पडद्यासमोर गुडघ्यांवर बसले,
नाक काचेला लागेल इतकी जवळ.

हललं.
पोट हललं.

मी न वळताच रिमोट मागे धरला, त्याच्याकडे.
मागे घे, म्हटलं. पुन्हा लाव.