चौदा अंश

दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती,
तेव्हा अंझोरबाबा आत आले.
एका हातात टोपी, दुसऱ्यात फोन,
फोनमध्ये ड्युसेलडॉर्फचा मुलगा,
अर्धा चेहरा, अर्धं छत.

"वाइनचं कपाट दाखव, पोरी," म्हणाले,
असं, जसं कुणी स्थळ विचारावं.

तेलावीत ऑगस्ट म्हणजे सावलीलाही घाम.
मी तीन कपाटं चालू केली, निळे दिवे लागले.
एक दोन खणांचं होतं,
वर पांढरी, खाली तांबडी.
"आणि आमची?"
त्यांची सालींसकट मुरलेली, कोऱ्या चहाच्या रंगाची.
तिच्यासाठी बटण नव्हतं.

त्यांनी खिशातून एक तेत्री काढली
आणि कपाटाच्या डोक्यावर कडेवर उभी केली.
बघत राहिलो आम्ही, मी, ते, आणि ड्युसेलडॉर्फ.
पहिल्यावर नाणं लगेच आडवं.
दुसऱ्यावर थोडं घरंगळलं, मग बसकण मारली.
तिसऱ्यावर मात्र
उभं ते उभंच.

"हेच," मी म्हटलं, "याला कॉम्प्रेसर नाही, मुकं आहे अगदी."
"खोली तापली की हात टेकतं ते,"
मुलगा म्हणाला, "बाबा, माझं ऐका..."
आणि तोंड उघडं ठेवूनच थिजला.
फोनवर एक गोल फिरू लागलं.

अंझोरबाबांनी मुक्या कपाटाला कान लावला.
बराच वेळ.
मी कॅलक्युलेटर उगाच पुसत होते.

"घर विकलं वसंतात," ते कपाटालाच म्हणाले.
"सात रांजण. गळ्यापर्यंत पुरलेले.
ते कसे निघणार? जमिनीसकटच गेले.
जमीन आपणहून चौदा असायची.
कधी बिल आलं नाही."

मग माझ्याकडे वळून:
"सगळ्यात मोठ्यात मला उतरवायचे, नऊ वर्षांचा असताना,
चेरीच्या सालीची कुंचली घेऊन, घासायला.
वर आई.
आत असेपर्यंत बोलत राहायचं, काहीही,
पाढे म्हण, शिव्या दे,
आवाज थांबला
की ती दोर ओढायची."

गोल फिरतच होतं.
त्यांनी फोन हलवला, हळूच,
झोपलेल्याचा खांदा हलवतात तसा.

"...ऐकू येतंय का?" मुलगा आला.
"येतंय. बोलत राहा."
आणि मला: "ते दुसरं दे. गुरगुरणारं."
"पण त्याच्यावर नाणं पडलं, बाबा!"
"पडू दे."

शनिवारी पोचवायला मीच गेले होते,
लेकीचा फ्लॅट, सातवा मजला, लिफ्ट बंद,
हमालाने माझ्या सात पिढ्या काढल्या.
वर जाऊन पाहिलं तर बाटली एकही नाही.
पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन, ओळीने,
लाल टोपणांचे,
शेजाऱ्याच्या ट्रकमधून उतरवलेले शेवटचे अकरा.
एकही आत जाईना.

फळ्या बाटल्यांच्या मापाने कोरलेल्या,
बीच लाकडाच्या, महागड्या,
त्यांच्यावर मी दुकानात पाच मिनिटं बोलले होते.
अंझोरबाबांनी एकेक ओढून बाहेर काढली.
चार कॅन मावले. दार लागलं.
आकडा चौदावर नेला, आणि स्टूल ओढून
समोर बसले.

फळ्या गच्चीत गेल्या.
पुढच्या महिन्यात हप्ता घ्यायला गेले
तेव्हा त्यांवर अक्रोड वाळत होते,
प्रत्येक खळग्यात एक ओळ,
आणि मला मूठभर बांधून दिले.