बसणावळ

ला पाझमध्ये रस्त्यावर बसायचे पैसे पडतात.
दळणाची दळणावळ, दागिन्याची घडणावळ,
तशी ही बसणावळ.
ती गोळा करणारा मी, महापालिकेचा माणूस,
कमरेला टेप, खिशात पावतीपुस्तक,
छातीवर बिल्ला, त्यावर नाव चुकीचं छापलेलं.

सकाळी सातला गल्ली अजून धापा टाकत असते.
खालच्या चौकात झेब्र्याचा पोशाख घातलेली पोरं
गाड्यांपुढे नाचून माणसांना वाट करून देतात.
वर, चढणीवर,
डोन्या वेनान्सिया चुन्योचं पोतं सोडते:
पहाडाच्या हिवात वाळवलेले काळे, सुरकुतलेले बटाटे.
टोपी सारखी करते. बसते.
घागऱ्याचे पाचही थर आपोआप पसरतात.

"घागरा धरून मोजणार की सोडून?"
दर वर्षी हेच विचारते.
नियमावलीत घागऱ्याचा उल्लेख नाही.

भिंतीतल्या खिळ्यापासून
लुसिओ चांभाराच्या पेटीपर्यंत
एक मीटर चोवीस.
परवान्यावर एक मीटर वीस.
पुन्हा मोजतो. एक चोवीस.

"चार सेंटिमीटर जास्त."
"मी काही वाढले नाही," ती म्हणते,
"गल्लीच वाढली असेल."
दंडाची नाणी दुधाच्या रिकाम्या डब्यातून काढते,
एकेक, मोठ्यानं मोजत,
म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावं.

त्या रात्री जेवताना
मुलीची भूमितीची वही उघडी पडलेली.
काटकोनाची तिरकी बाजू सर्वांत मोठी,
लाल शाईनं दोनदा अधोरेखित.
घास हातातच राहिला.

नकाशा काढणारा खाली कचेरीत बसलेला,
सपाट टेबलाशी, सपाट कागदावर.
त्याच्या हाती उतारा आला,
उतार आला नाही.
म्हणजे या शहरात चढावर जी जी बसली
ती आपल्या जागेवर बसते,
नियमात बसत नाही.

साहेबांना सांगितलं. आरांदिया साहेब
खिडकीबाहेर बघत राहिले,
बाहेर सगळी घरं एकमेकांच्या डोक्यावर उभी.
"मग काय, शहर सपाट करू?" म्हणाले,
आणि माझी रजा मंजूर केली,
जी मी मागितलीच नव्हती.

आता मी टेप जमिनीला लावत नाही.
वरचं टोक खिळ्याशी टेकवतो,
खालचं लुसिओ धरतो, जमिनीपासून दीड वीत वर,
तोंडात दोन चुका, डोळे पाणपातळीच्या बुडबुड्यावर.
एक वीस. बरोबर.
डोन्या वेनान्सिया हसत नाही,
दंडाचे जुने पैसे कधी परत मिळणार, विचारते.

टेपखाली एक तिकोनी पोकळी उरते.
कुठल्याच कागदावर नसलेली.
तिच्यात गल्लीतलं पिवळं कुत्रं येऊन झोपतं.
त्याची पावती
मी फाडत नाही.