नावाआधी दोन बोटं

उद्यमबागेत शेडच्या पत्र्यावर
मी खडूनं दोनच आकडे लिहायचो :
एक बुशचा व्यास, शंभराव्या हिश्शापर्यंत,
दुसरा डॉलरचा भाव.
पहिला माझ्या हातात होता.

निकिता बिश्केकला गेली तेव्हा चौसष्ट,
परत आली तेव्हा त्र्याऐंशी.
मधे तीन लेथ होत्या त्या दोन झाल्या, मग एक.
तिचा आवाज रात्री अकराला
अनगोळच्या नाक्यापर्यंत येतो,
असं चहावाला बसू सांगतो.

पहिल्या दिवशी तिला खोली दिली मुलांच्या मजल्यावर.
तिकडं निकिता हे पुरुषाचं नाव.
फोनवर हसत सांगत होती.
तिची आई हसली नाही.
"नाव तुम्हीच काढलासा," एवढंच म्हणाली मला.

तिथं थंडी उणे बावीस.
मी फौंड्रीतले जाड हातमोजे पाठवले.
"ते घालून पान उलटत नाही, बाबा."
तरी ठेवून घेतले.

आता माळ्यावर बसते.
एक पेपर असतो, तो सुटला की इथली डॉक्टर.
तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर पाहिजेत.
पहिल्यांदा एकशे एकतीस.
दुसऱ्यांदा एकशे त्रेचाळीस.
माझ्या कामात शाफ्ट जाड राहिला तर पुन्हा कातता येतो,
बारीक झाला तर भंगार.
सात मार्क म्हणजे यातलं कुठलं,
ते व्हर्नियर लावून कळत नाही.

लग्नात, मयतात, किराणा दुकानात
लोक विचारतात, "डॉक्टरीणबाई दवाखाना कुठं काढूलालाय?"
मी म्हणतो, "जागा बघूलालाव."

जागा म्हणजे पितळेची पाटी.
ती तिकडं असतानाच मी कापली, कडा घासल्या,
शहापुरात नाव खोदून घेतलं,
निकिता परशराम कणबरकर.
खोदणाऱ्यानं विचारलं, वर कन्नड की मराठी?
म्हटलं, तू ठरव, खाली इंग्रजी पण घाल,
पण तिन्हीकडं नावाआधी दोन बोटं जागा सोड.
"तिथं काय?"
"नंतर."
टूलबॉक्समध्ये आहे, ड्रिलच्या खाली,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
तिला ठाऊक नाही.
ठाऊक असावं.

काल पोलादाचं कुसळ बोटात शिरलं.
तीस वर्षांत हजारदा शिरलंय, मीच काढतो.
ती पाणी प्यायला खाली उतरली होती.
न बोलता हात ओढला,
दिव्याखाली धरला,
चष्मा कपाळावर सारला
आणि पेरापेरावर दाबत
अजून पुस्तकातच असल्यासारखी म्हणाली,
"ग्द्ये बलीत?"

आमच्यात वेण म्हणतात ती बाळंतिणीची.
बसूच्या कन्नडात कसलंही दुखणं बेनी.
हा तिसरा शब्द कुठल्या बर्फातनं आला कोण जाणे,
पण मी लगेच म्हटलं,
"हितं. हितं दुखूलालंय."

मग तिच्या ध्यानात आलं, कुठं आहोत ते.
सुई तापवली.
कुसळ निघालं, रव्याच्या कणाएवढं,
ते कागदावर ठेवून मला दाखवलं.
"धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय?"
खोटं सांगितलं. तिला कळलं.
"सकाळी सिव्हिलला जायचं," म्हणाली, आणि वर गेली.

रात्री ती प्रश्न मोठ्यानं वाचते.
मला त्यातलं काही कळत नाही,
फक्त शेवटी चार पर्याय असतात हे कळतं.
ते ऐकून झाले की अंथरुणात पडल्या पडल्या
मी मनात एक धरतो.
काल 'क' धरला होता.
बोट ठणकत होतं,
आणि वर अजून
पान उलटलं नव्हतं.